हॅरी ब्रिअर्ली आणि आपला चकचकीत शॅकल



मेसमध्ये रोज रात्री आपण ज्या ताटासाठी रांगेत धक्काबुक्की करतो, ते ताट कशाचं आहे असं पहिल्या वर्षाच्या पोराला विचारलं तरी तो सांगेल, स्टीलचं! मेसच्या भाजीबद्दल, पोळीबद्दल, आमटीतल्या पाण्याबद्दल आपण पानंच्या पानं तक्रारी लिहिल्या, पण ताट गंजलंय अशी तक्रार काही कुणी केली नाही. हे श्रेय मेसवाल्या काकांचं नाही. ते बऱ्याच अंशी शेफिल्डच्या एका गरीब घरातल्या, बाराव्या वर्षी शाळा सोडलेल्या मुलाचं आहे. त्याचं नाव हॅरी ब्रिअर्ली. मटेरियल सायन्सच्या पुस्तकात हे नाव एका ओळीत येतं आणि ती ओळ आपण तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करतो. पण हा माणूस एका ओळीत मावणारा नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

दुसरं कारण जरा गंभीर आहे. गॅदरिंगला स्टेजवर दिव्यांचा सांगाडा टांगतात, वर्कशॉपमध्ये चेनपुलीने इंजिन उचलतात. या प्रत्येक ठिकाणी दोर, साखळी आणि वजन यांना जोडणारी एक छोटी वस्तू असते, ती म्हणजे शॅकल. इंग्रजी 'यू'सारखी एक कमान आणि तिचं तोंड बंद करणारी एक पिन, बस्स. पण वर टांगलेलं सगळं तिच्यावर असतं आणि खाली आपण उभे असतो. आजकाल हार्डवेअरच्या दुकानात स्टेनलेस स्टीलचे शॅकल सर्रास मिळतात. ते इतके सुंदर चमकतात की पोरं डोळे झाकून तेच उचलतात. ब्रिअर्लीचं चरित्र वाचताना मला सारखं वाटत होतं की हा माणूस आज आपल्या वर्कशॉपमध्ये असता, तर त्याने तो शॅकल हातात घेऊन आधी चार प्रश्न विचारले असते. ते प्रश्न कोणते, हे त्याच्या आयुष्यातूनच कळतं.

हॅरीचा जन्म १८ फेब्रुवारी १८७१ चा. वडील पोलादाच्या भट्टीवर काम करणारे कामगार. घर लहान, खाणारी तोंडं भरपूर. शेफिल्ड म्हणजे तेव्हाची पोलादाची राजधानी. गल्लीबोळात धूर, घणांचा आवाज आणि सुऱ्या-कात्र्यांचे कारखाने. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि हॅरी वडिलांच्याच कारखान्यात, टॉमस फर्थ अँड सन्समध्ये हरकाम्या म्हणून लागला. थोड्याच दिवसांत त्याला कारखान्याच्या रसायनशाळेत बाटल्या धुण्याचं काम मिळालं. आपल्याकडे लॅब असिस्टंटच्या हाताखालचा पोऱ्या असतो ना, तसंच.

इथे त्याचं नशीब उघडलं. रसायनशाळेचे प्रमुख जेम्स टेलर यांना या पोरात काहीतरी दिसलं. त्यांनी त्याला गणित शिकवलं, वाचायला लावलं, हाताने वस्तू बनवायला शिकवलं. दिवसा बाटल्या आणि रात्री रात्रशाळा, असं करत करत हा मुलगा पोलादाचं पृथक्करण करण्यात इतका तरबेज झाला की १९०२ मध्ये फ्रेड इबॉटसन यांच्याबरोबर त्याने त्या विषयावर पुस्तकच लिहिलं. ना डिग्री, ना कॉलेज! आपण केटी लागली की कपाळाला हात लावून बसतो, म्हणून मुद्दाम सांगतोय.

१९०४ मध्ये तो तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या रिगा शहरी एका पोलाद कारखान्यात गेला आणि पुढे तिथे व्यवस्थापकपदापर्यंत चढला. त्या काळचे जुने भट्टीवाले पोलादाचा तुकडा मोडायचे आणि मोडलेल्या जागेचे कण डोळ्यांनी पाहून आत कार्बन किती ते सांगायचे. ब्रिअर्ली रसायनशास्त्रज्ञ झाला तरी ही नजर त्याने सोडली नाही. प्रयोगशाळेतला आकडा आणि कामगाराचा हात, दोन्हींना तो मान द्यायचा. १९०७ मध्ये तो शेफिल्डला परतला आणि १९०८ मध्ये फर्थ आणि जॉन ब्राऊन या दोन कंपन्यांनी मिळून काढलेल्या संशोधन प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. बाटल्या धुणारा पोऱ्या साहेब झाला!

आता मुख्य गोष्ट. १९१२ मध्ये त्याच्यापुढे एक प्रश्न आला. बंदुकीच्या नळ्या आतून लवकर झिजत होत्या. गोळी सुटताना होणारी उष्णता आणि वायूंचा मारा यांनी नळी खराब व्हायची. क्रोमियम घातलेलं पोलाद जास्त तापमानाला वितळतं, हे ब्रिअर्लीला ठाऊक होतं. म्हणून त्याने क्रोमियमचं आणि कार्बनचं प्रमाण बदलत नमुने बनवायला सुरुवात केली. १३ ऑगस्ट १९१३ रोजी ओतलेल्या एका नमुन्यात १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता. लक्षात घ्या, गंजाचा विषय अजून कुणाच्या डोक्यातच नव्हता.

धातूचे कण सूक्ष्मदर्शकाखाली दिसावेत म्हणून नमुना घासून गुळगुळीत करायचा आणि मग त्यावर आम्ल लावायचं, हे आपण प्रॅक्टिकलला करतोच. नायट्रिक आम्लाने साधं पोलाद पटकन खातं. हा नमुना काही केल्या खाईना! दुसरा कुणी असता तर आम्ल खराब आहे म्हणून बाटली बदलून मोकळा झाला असता. ब्रिअर्लीने उलट विचार केला. जे आम्लाला दाद देत नाही, ते व्हिनेगरला देईल का? लिंबाच्या रसाला? त्याने तेही करून पाहिलं. शेफिल्ड सुऱ्यांचं गाव असल्यामुळे त्याच्या डोक्यात लगेच जेवणाच्या टेबलावरची सुरी आली. तोवर दर जेवणानंतर सुऱ्या घासून पुसून ठेवाव्या लागत, नाहीतर काळ्या पडत.

इथे थोडं थांबून एक जुना किस्सा सांगायला हवा. ब्रिअर्लीच्या आधी, १८९२ मध्ये, शेफिल्डच्याच रॉबर्ट हॅडफिल्ड या मोठ्या धातुशास्त्रज्ञाने क्रोमियमच्या पोलादाचा अभ्यास केला होता. त्याने ते सल्फ्युरिक आम्लात तपासलं आणि क्रोमियममुळे पोलाद जास्त गंजतं असा निष्कर्ष काढला. प्रयोग प्रामाणिक होता, पण निवडलेलं आम्ल रोजच्या वापराशी जुळणारं नव्हतं. ओलसर हवा, पाणी, फळांचे रस यांत तेच क्रोमियम संरक्षण देतं. म्हणजे एखादा धातू चांगला की वाईट, हा प्रश्नच अर्धवट आहे. कशात चांगला, हा खरा प्रश्न. शॅकलला विचारायचा पहिला प्रश्न हाच.

मी मूळचा सोलापूरकडचा. आमच्याकडे गोठ्याच्या दाराची लोखंडी कडी वर्षानुवर्षं तशीच असते. वसईत आलो तर एका पावसाळ्यात सायकलची साखळी तांबडी! इथे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, नायगाव-भाईंदरकडे मिठागरं. हवेतच मीठ. आणि मिठातला क्लोराइड हा स्टेनलेस स्टीलचा जुना वैरी आहे. स्टेनलेस स्टील गंजत नाही कारण क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर बनवतं. हा थर काही नॅनोमीटरचाच असतो, पण ओरखडा पडला तर पुन्हा आपोआप तयार होतो. क्लोराइड हा थर जागोजागी फोडतं आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडायला लागतात. जिथे हवा पोहोचत नाही, उदाहरणार्थ पिनच्या आट्यांत, तिथे थर पुन्हा बनायलाही अडचण येते. त्यामुळे बाहेरून शॅकल चकाचक आणि आतून आटे पोखरलेले, असं होऊ शकतं.

म्हणून दर्जा बघायचा. ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, आपल्या चांगल्या भांड्यांचं स्टील. ३१६ मध्ये त्याशिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते क्लोराइडला जास्त दाद देत नाही. पाचूबंदर किंवा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, उघड्यावर कायम राहणारा शॅकल घ्यायचा तर ३१६ च घ्यावा. आणि तोही गोड्या पाण्याने धुवावा, नाहीतर त्यावरही चहाच्या डागांसारखे तपकिरी डाग पडतात.

दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो ना, त्याचीही गंमत आहे. ३०४ आणि ३१६ दोन्ही सहसा चुंबकाला चिकटत नाहीत, त्यामुळे त्या चाचणीने त्यांच्यातला फरक कळत नाही. आणि ब्रिअर्लीने शोधलेलं मूळ पोलाद? ते चक्क चिकटतं! म्हणजे स्टेनलेसच्या जनकाचंच पोलाद दुकानातल्या परीक्षेत नापास!

परत ब्रिअर्लीकडे वळू. शोध लागला म्हणून कुणी हार घातले असं नाही. कंपनीच्या वरिष्ठांना सुऱ्यांत रस नव्हता. त्याने नमुने सुऱ्या बनवणाऱ्यांकडे पाठवले, तर ते वैतागले. हे पोलाद त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने घडेना, धार धरेना. न कापणाऱ्या सुऱ्या शोधणारा माणूस अशी त्याची टिंगल झाली. खरी गोम उष्णतेच्या संस्कारात होती. साध्या पोलादाचं तापमान आणि या पोलादाचं तापमान वेगळं. अखेर १९१४ मध्ये मोस्ली या सुऱ्यांच्या कारखान्यातल्या अर्नेस्ट स्टुअर्ट यांनी चिकाटीने चांगल्या सुऱ्या करून दाखवल्या. ब्रिअर्ली या पोलादाला न गंजणारं म्हणायचा, स्टुअर्ट यांनी त्याला डाग न पडणारं म्हणजे स्टेनलेस म्हटलं. तेच नाव जगभर चाललं.

नाव विक्रीसाठी झकास, पण थोडं फसवं. डाग कमी पडतात एवढंच ते सांगतं. ताकदीबद्दल ते एक अक्षर बोलत नाही. शॅकलला विचारायचा दुसरा प्रश्न म्हणजे तू किती वजन घेशील? नेहमीच्या ३०४ किंवा ३१६ ची ताकद ही उष्णतासंस्कार केलेल्या मिश्र पोलादापेक्षा कमी असते. त्यामुळे एकाच मापाचे दोन शॅकल शेजारी ठेवले, एक काळपट मिश्र पोलादाचा आणि एक चमकणारा स्टेनलेसचा, तर सहसा काळपटाची क्षमता जास्त भरते. माप सारखं म्हणून वजनही सारखं चालेल, हे गृहीत धरणं धोक्याचं.

चांगल्या शॅकलच्या अंगावर बनवणाऱ्याची खूण, माप आणि सुरक्षित कार्यभार, म्हणजे डब्ल्यूएलएल, कोरलेला असतो. काही शॅकलवर, विशेषतः होडीच्या सामानात, तो तुटण्याचा भारच दिलेला असतो. हे दोन आकडे एक समजू नका. उचलकामात शॅकलसाठी सर्वसाधारणपणे पाच किंवा सहाचा सुरक्षा गुणांक धरतात. म्हणजे ३००० किलोला तुटणारा शॅकल पाचच्या हिशेबाने ६०० किलोसाठीच. आणि अंगावर काहीच लिहिलेलं नसेल तर? किल्ल्यांचा जुडगा अडकवा, सायकल बांधा, पण माणसाच्या डोक्यावर काही टांगू नका.

तिसरा प्रश्न, ओढ कुठल्या दिशेने आहे? शॅकलची क्षमता सरळ ओढीसाठी असते, कमानीच्या तळापासून पिनच्या मध्यापर्यंतच्या रेषेत. आडवी ओढ बसली की क्षमता घटते. आटेवाल्या पिनच्या शॅकलसाठी ४५ अंशाला साधारण ७० टक्के आणि ९० अंशाला ५० टक्केच धरतात. एकाच शॅकलमध्ये दोन स्लिंग घालायचे असतील तर डी-आकाराचा नको, रुंद कमानीचा बो-शॅकल घ्यावा, आणि दोन स्लिंगमधला कोन १२० अंशांपलीकडे जाऊ देऊ नये. मेकॅनिक्सच्या पहिल्या वर्षाचा हिशेब आठवा. १००० किलोचं वजन दोन उभ्या स्लिंगवर असेल तर प्रत्येकावर ५००. स्लिंग फाकून त्यांच्यातला कोन ९० अंश झाला की प्रत्येकावर सुमारे ७०७. १२० अंश झाला की प्रत्येकावर पूर्ण १०००! वजन तेच, खलाशी तेच, फक्त स्लिंग आखूड घेतले म्हणून भार दुप्पट.

ब्रिअर्लीचं पुढचं आयुष्य कटकटीचं गेलं. पोलादाचे हक्क कुणाचे, त्याचे की कंपनीचे, यावरून वाद पेटला आणि १९१५ मध्ये त्याने फर्थची प्रयोगशाळा सोडली. जिथे बाटल्या धुतल्या, जिथे नाव काढलं, ती जागा सोडताना त्याला काय वाटलं असेल! तो ब्राऊन बेलीज या दुसऱ्या कारखान्यात व्यवस्थापक झाला आणि पुढे संचालक झाला. १९१६ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. १९२० मध्ये पोलादक्षेत्रातलं मानाचं बेसेमर सुवर्णपदकही मिळालं. त्याच्या जुन्या खुर्चीवर आलेल्या डब्ल्यू. एच. हॅटफिल्ड यांनी १९२४ मध्ये १८-८ हे पोलाद आणलं, म्हणजे आपल्या आजच्या ३०४ चा पूर्वज.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर, स्टेनलेसचा जनक एकटा ब्रिअर्ली नाही. जर्मनीत क्रुप कंपनीत माउरर आणि स्ट्राउस यांनी १९१२ च्या सुमारासच निकेल-क्रोमियमचं पोलाद केलं होतं, अमेरिकेत एलवुड हेन्स याच वाटेवर होता. आपल्या ताटाचं आणि ३१६ शॅकलचं रक्ताचं नातं खरं तर त्या जर्मन घराण्याशी जास्त आहे. पण वापरणाऱ्याच्या हातात ते न्यायचंच, हा ध्यास ब्रिअर्लीचा.

चौथा प्रश्न उरला, तो म्हणजे तुला शेवटचं कुणी आणि कधी बघितलं? स्टेनलेसच्या बाबतीत हा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण साधं लोखंड गंजून आरडाओरडा करतं, स्टेनलेस गप्प बसून तुटू शकतं. ९ मे १९८५ रोजी स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावी पोहण्याच्या तलावाचं काँक्रीटचं छत कोसळून १२ जण दगावले. ते छत स्टेनलेस स्टीलच्या टांगण्यांवर लोंबत होतं. तलावाच्या क्लोरीनमिश्रित हवेत, ताणाखाली, त्या टांगण्यांना आतल्या आत भेगा गेल्या होत्या. न गंजणारं आहे म्हणून निर्धास्त राहण्याची किंमत ही अशी असते.

म्हणून दर वेळी वापरण्याआधी दोन मिनिटं द्या. कमान फाकली आहे का, पिन वाकली आहे का, भेग किंवा खड्डे दिसतात का, आटे स्वच्छ आहेत का. कुठेही जाडी १० टक्क्यांनी झिजली असेल तर शॅकल बाद. पिन पूर्ण आत फिरवून खांद्याला टेकवायची. कंप असेल किंवा बरेच दिवस टांगायचं असेल तर तारेने बांधायची, नाहीतर नट आणि स्प्लिट पिनवाला शॅकल घ्यायचा. धावता दोर पिनवरून जाऊ द्यायचा नाही, तो पिन उलटी फिरवून सोडवतो. स्टेनलेसवर स्टेनलेस घासलं की आटे एकमेकांत चिकटून पिन जाम होते, म्हणून आट्यांना जाम-प्रतिबंधक ग्रीस लावायचं. पिन हरवली म्हणून डब्यातला कुठलातरी बोल्ट घालायचा नाही. वाकलेली कमान घण मारून सरळ करायची नाही, वेल्डिंग तर नाहीच नाही.

ब्रिअर्ली १४ जुलै १९४८ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी गेला. योगायोग असा की त्याच वर्षी आपल्या देशात कारखाने कायदा झाला. त्याच्या कलम २९ ने उचलण्याच्या सामानात शॅकलचं नाव घालून, दर बारा महिन्यांत किमान एकदा जाणकार माणसाकडून कसून तपासणीची अट घातली. उद्या आपल्यातले कितीतरी जण सातिवली-वालीवच्या शेडमध्ये किंवा तारापूरच्या एमआयडीसीत नोकरीला लागतील. तिथे क्रेनखाली उभा असलेला खलाशी आपल्याला साहेब म्हणेल आणि आपण दिलेला शॅकल विश्वासाने लावेल. त्याला एम.एस. आणि ३१६ मधला फरक माहीत असेलच असं नाही. तो आपल्याला माहीत असायला हवा. त्यासाठीच तर आपण इथे चार वर्षं काढतोय.

तेव्हा यंदा गॅदरिंगचा मंडप उभा राहील, तेव्हा स्टेज कमिटीच्या पोरांनी डेकोरेटरला फक्त दिवे किती हे विचारू नये. शॅकल हातात घ्यावेत आणि चारही प्रश्न विचारावेत: कुठल्या हवेसाठी, किती वजनासाठी, कुठल्या दिशेच्या ओढीसाठी, आणि शेवटची तपासणी कधी. एकाचंही उत्तर नसेल तर तो शॅकल बाजूला ठेवा आणि दुसरा मागवा. कार्यक्रम अर्धा तास उशिरा सुरू झाला तरी चालेल, तसाही तो वेळेवर कधी सुरू होतो!

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी